कोलाहलातील श्रवणविवेक



 अनेक ध्वनी एकाच वेळी कानावर आदळत असता त्यांतील नेमका एक वेचून काढण्याचे काम मनुष्य कसे करतो, ते त्याला कोणत्या साधनांच्या बळावर साधते, आणि ती साधने त्याच्याकडून हिरावून घेतली म्हणजे त्याची कशी फजिती होते, हा माझा आजचा विषय आहे. शास्त्रज्ञांच्या ग्रंथांत यास ‘कॉकटेल पार्टीचा प्रश्न’ असे नाव पडले आहे. परंतु जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्याचे आयुष्य गेले त्याला उदाहरणांसाठी विलायतेतील मेजवानीचे आमंत्रण मिळवावे लागत नाही.

आळेफाट्याच्या किंवा ओतूरच्या आवारात कांद्याचा लिलाव चालू असता घटकाभर उभे राहावे. गोण्यांच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकत असतो, पुकारणारा भाव पुकारीत असतो, त्यावर दोघेतिघे एकदम बोली चढवितात, पाठीवर गोणी घेतलेला हमाल ‘सरका, सरका’ म्हणत वाट काढतो, आणि महामार्गावरील मालमोटारींचे भोंगे या सर्वांच्या वर अखंड चालू असतात. या गदारोळात आपल्या फोडलेल्या गोणीजवळ उभा असलेला शेतकरी पाहा. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याने मध्यंतरी त्याला काय विचारले हे त्याला मागाहून सांगता येणार नाही. पण आपल्या मालाला कोण कोठवर चढला आणि कोणाची बोली कितीवर थांबली हे तो शेवटच्या रुपयापर्यंत सांगेल. त्याला या करामतीचे नवल वाटत नाही, आणि पाहणाऱ्यालाही वाटत नाही. कारण जी गोष्ट सर्वांनाच साधते तिच्यातील अवघडपणा दिसत नाही.

अवघडपणा असा आहे. पुकारणाऱ्याचा आवाज, हमालाची आरोळी आणि मोटारीचा भोंगा हे तिन्ही हवेच्या दाबातील चढउतार होत, आणि कानाच्या पडद्यापाशी पोहोचेपर्यंत ते एकमेकांत मिळून त्यांचा एकच चढउतार झालेला असतो. पडदा एक, त्याची थरथरही एक. कानाच्या हाती बेरीज तेवढी येते. मूळच्या रकमा किती होत्या, कोणाच्या होत्या आणि कोणत्या दिशेने आल्या होत्या, याचा तपशील त्या बेरजेत लिहिलेला नसतो. तोच तपशील श्रवणेंद्रिय आणि मेंदू मिळून नव्याने तयार करतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी 1990 साली या विषयावर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे सूत्र हेच आहे की, ऐकणे म्हणजे ध्वनी ग्रहण करणे एवढेच नसून आलेल्या मिश्रणाची फोड करून ‘हे याचे, ते त्याचे’ अशी वाटणी करणे होय.

या वाटणीचा प्रारंभ अंतःकर्णात होतो. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली जी नळी आहे तिच्या आत सुमारे पस्तीस मिलिमीटर लांबीची एक पट्टी असते, आणि ती एका टोकाला अरुंद व ताठ, तर दुसऱ्या टोकाला रुंद व सैल असल्यामुळे तीव्र स्वरांनी तिचे आरंभीचे टोक आणि मंद्र स्वरांनी तिचे शेवटचे टोक अधिक हलते. ही गोष्ट ज्यांनी प्रयोगाने दाखविली त्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांस 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीच्या ज्या भागास हेलकावा मिळेल तेथील केशपेशी आपापला संदेश मज्जातंतूंकडे पाठवितात. मेंदूकडे मुख्य वार्ता नेणाऱ्या आतल्या केशपेशी प्रत्येक कानात जेमतेम साडेतीन हजार असतात. बाहेरच्या रांगांतील सुमारे बारा हजार पेशी पट्टीच्या हालचालीला जोर देऊन क्षीण ध्वनी ठळक करतात आणि जवळजवळच्या स्वरांमधील भेद रेखीव राखतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर आपला सारा व्यवहार चालतो, आणि यांतील एक पेशी नष्ट झाली तर तिच्या जागी दुसरी उगवत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

परंतु स्वरांचे असे पृथक्करण झाले तरी प्रश्न सुटला असे होत नाही, कारण एकाच मनुष्याचा आवाजदेखील पट्टीवरील अनेक ठिकाणी विखुरलेला असतो. ते विखुरलेले तुकडे पुन्हा एकत्र कसे आणावयाचे? यासाठी मेंदू काही अगदी साध्या खुणांवर विसंबतो. जे तुकडे एका क्षणी सुरू होतात आणि एका क्षणी थांबतात ते एकाचे. जे एका मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत बसतात ते एकाचे. जे एकदम चढतात आणि एकदम उतरतात तेही एकाचे.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे गावकरी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या कलावतीचे नाव ज्या गावाशी कायमचे जोडले गेले त्या गावात या खुणांचे उदाहरण फडाखेरीज अन्यत्र शोधणे अनुचित होईल. फडावर ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज आणि गाणारीचा गळा ही सर्व एका वेळी चालू असतात, तरी प्रेक्षकाला लावणीचा शब्द हरवत नाही. ढोलकीच्या शाई लावलेल्या पुडीवरील थाप सुरेल असते, कारण शाईच्या भारामुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटींजवळ येतात. तबला आणि मृदंग यांच्या बाबतीत हे तत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात विशद केले. हलगीला शाई नाही. जाळावर शेकून ताणलेल्या तिच्या कातड्याचा आवाज कोरडा, तुटक आणि क्षणात विरणारा. म्हणून हलगीच्या दोन टिपऱ्यांमधील फटीतून गळ्याचा अखंड स्वर पुढे चालला आहे असे कान मानतो, आणि हलगीने झाकलेला क्षणाचा अंश आपल्या हिशेबाने भरून काढतो. झीलकरी गाणारीच्या मागून सूर धरतात तेव्हा त्यांचा स्वर तिच्या स्वराशी जुळतो, आणि मग दोन गळे वेगळे न वाटता एकच गळा भरदार झाल्यासारखा वाटतो. जुळलेले एक होते, न जुळलेले वेगळे पडते: कानाचा कायदा हा एवढाच.

या कायद्याची दुसरी अंमलबजावणी उसाच्या फडात पाहावयास सापडते. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला गेलेला या भागातील शेतकरी बिबट्याच्या मुलुखात उभा असतो. वारा आला म्हणजे सारा ऊस सळसळतो, आणि ती सळसळ पाचटीतून चालणाऱ्या पावलाच्या आवाजाहून पुष्कळच मोठी असते. तरी अनुभवी मनुष्य मध्येच पाणी सोडून ताठ उभा राहतो. वाऱ्याच्या झोताबरोबर त्या सळसळीचे सर्व स्वर एकत्र चढतात व एकत्र ओसरतात, आणि जो एक आवाज या चढउतारात सामील होत नाही तो मेंदूला तत्काळ परका वाटतो. प्रयोगशाळेतही असे आढळले आहे की, ज्या गोंगाटाचे निरनिराळे स्वरपट्टे एकदम वरखाली होतात त्याच्या आडून क्षीण स्वर ओळखणे सोपे जाते. एकसारख्या, न हलणाऱ्या गोंगाटाच्या आडून तो ओळखणे अवघड जाते. म्हणूनच वाऱ्यापेक्षा विहिरीवरच्या मोटारीची संथ घरघर अशा वेळी अधिक घातक.

आता दोन कानांचा विचार करू. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानास आधी आणि डाव्या कानास किंचित मागाहून पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या पंधराशेव्या भागाच्या आसपास असतो, आणि सावध श्रोत्याला समोरच्या दिशेत सेकंदाच्या लक्षांशाएवढाही फरक जाणवू शकतो. तीव्र स्वरांच्या बाबतीत मस्तकाची सावली पडून दूरच्या कानाकडील आवाज मंद होतो. वेळेचा फरक मंद्र स्वरांसाठी आणि जोराचा फरक तीव्र स्वरांसाठी, अशी ही द्विविध व्यवस्था लॉर्ड रॅले यांनी 1907 साली मांडली. दिशा कळली म्हणजे त्या दिशेचा आवाज इतर दिशांच्या आवाजांतून उचलता येतो; एक कान बोळ्याने बंद करून बाजारात फिरणारास हे कोणी समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

नारायणगावापासून जवळच, खोडद येथे, हेच तत्त्व अवाढव्य प्रमाणात उभे आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून साकार झालेल्या त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या आहेत. 14 मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरच्या आवारात आणि उरलेल्या 16 तीन भुजांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकेतून आलेली रेडिओलहर एका थाळीस आधी आणि दुसरीस नंतर पोहोचते, तो अत्यल्प विलंब मोजून आणि भरून काढून सर्व थाळ्यांचे संदेश जुळविले की आकाशातील एका दिशेचे क्षीण स्पंदन उठून दिसते व इतर दिशांची गडबड परस्परांत विरते. ही जागा निवडण्यामागे एक कारण असे होते की, डोंगरांच्या आडोशामुळे येथे शहरी रेडिओगोंगाट कमी होता, आणि आजही तेथे जाणाऱ्यास भ्रमणध्वनी बंद ठेवावयास सांगतात. जगातील एका अग्रगण्य यंत्रालाही केवळ आपल्या कौशल्यावर भागवता येत नाही, त्याला भोवतालची शांतता राखून द्यावी लागते, हा धडा मला त्या थाळ्यांच्या आकाराहून मोठा वाटतो.

येथपर्यंत ध्वनींची वाटणी झाली. निवड अद्याप झाली नाही. निवडीचा अभ्यास 1953 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कॉलिन चेरी यांनी पद्धतशीर आरंभिला. त्या काळी विमानतळावरील नियंत्रकांना पुष्कळ वैमानिकांचे बोलणे एकाच ध्वनिक्षेपकातून ऐकावे लागे आणि त्यातून घोटाळे होत. चेरी यांनी एकाच माणसाने वाचलेले दोन मजकूर एकावर एक ठेवून ऐकविले, तेव्हा ऐकणारांना डोळे मिटून, तोच तुकडा पुनःपुन्हा ऐकून, मोठ्या मुश्किलीने ते वेगळे करता आले. पण तेच दोन मजकूर एकेका कानात स्वतंत्र सोडले तेव्हा कोणालाच अडचण पडली नाही. याहून चमत्कारिक असे की, एका कानातील मजकूर मोठ्याने म्हणत जाणाऱ्यास दुसऱ्या कानात काय चालले होते हे जवळजवळ सांगता येईना. तिकडील इंग्रजी मध्येच जर्मन झाले तरी त्याला पत्ता नसे. पुरुषाचा आवाज जाऊन स्त्रीचा आला, तर मात्र तेवढे कळे.

यावरून केंब्रिजचे डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी 1958 मध्ये असा सिद्धान्त मांडला की, मेंदूच्या दाराशीच एक गाळणी आहे व ती निवडलेल्याखेरीज कोणाचाही अर्थ आत जाऊ देत नाही. पण पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांना आढळले की, दुर्लक्षित कानात ऐकणाराचे स्वतःचे नाव उच्चारले तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू येते. दारावरून परतविलेल्याचे नाव आत कसे कळावे? ॲन ट्राइसमन यांनी यावर तोड काढली ती आपल्या मामलेदार कचेरीच्या शिरस्त्याशी चांगली जुळते: आलेला कोणताही कागद दारातून परत जात नाही, प्रत्येकाची बारनिशीत नोंद होते, बहुतेक कागद दफ्तरात पडून राहतात, ज्याचा निकाल तूर्त चालू आहे ते प्रकरण साहेबांच्या मेजावर जाते, आणि काही थोड्या नावांचे कागद मात्र, कितीही मळके आणि पुसट असले तरी, कारकून आपण होऊन पुढे करतो. दुर्लक्षित आवाज नष्ट होत नाही, तो क्षीण केला जातो. आणि स्वतःचे नाव किंवा लेकराचे रडे यांना क्षीण असतानाही पुढे येण्याचा परवाना असतो. 2012 साली नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युत्स्पंदने टिपून दाखविले की, दोन वक्ते एकदम बोलत असता श्रवणकेंद्रात उमटणारे चित्र हे ज्याच्याकडे लक्ष आहे तो एकटाच बोलत असल्यासारखे असते. कान बेरीज घेऊन येतो, पण मेंदू जवळजवळ एकच रक्कम मंजूर करतो.

या मंजुरीत परिचयाचा वाटा फार मोठा आहे. भीमाशंकरच्या रानात झाडांवर पाऊस कोसळत असता नवख्याला केवळ पाऊस ऐकू येतो. तेथील महादेव कोळी गुराख्याला त्यातून शेकरूची कडकड ऐकू येते आणि ती धोक्याची आहे की नुसती कुरबुर हेही कळते, कारण आपण काय शोधतो आहो हे त्याला आधीच ठाऊक असते. तसाच वाटा डोळ्यांचा. बोलणाऱ्याचे ओठ दिसत असले तर गोंगाटातील शब्द किती तरी अधिक कळतात, हे 1954 मध्येच प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

श्रोतेहो, एवढी सामग्री असूनही कानाची हार होते, आणि ती कोठे होते ते पाहणे व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मंद्र स्वराचा मोठा आवाज आपल्याहून तीव्र अशा स्वरांना झाकून टाकतो. उलट दिशेने तसे सहसा होत नाही. भाषेतील स्वरवर्ण जोरकस व खालच्या पट्टीतले, तर ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ठ’ यांसारख्या व्यंजनांच्या फुत्कारांचा अंश क्षीण आणि वरच्या पट्टीतला. म्हणून ढणढणणाऱ्या ठोक्यापुढे आवाज राहतो आणि शब्द जातो. वार्धक्यात तर वरच्या पट्टीच्या केशपेशी आधी झिजतात. ‘साठ’मधला ‘स’ गेला की ‘आठ’ उरतो, आणि लिलावाच्या आवारात हा भेद लहान नव्हे. शिवाय बाहेरच्या केशपेशी गेल्यामुळे जवळच्या स्वरांमधील रेखीवपणा नाहीसा होतो, मिश्रणाची फोड होत नाही, आणि घरोघरचे वडीलधारे जे म्हणतात, ‘आवाज येतो रे, पण काय म्हणतोस ते कळत नाही’, ते शब्दशः खरे असते. त्यांच्या कानाशी ओरडल्याने किंवा श्रवणयंत्राचा जोर वाढविल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण जोराबरोबर गोंगाटही वाढतो.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. कान आवाजाच्या मोठेपणावर जगत नाही, आवाजांच्या वेगळेपणावर जगतो. दिशा, वेळ, स्वराची पट्टी, मधल्या फटी आणि ओळख ही त्याची मिरास आहे, आणि आपला सार्वजनिक व्यवहार ती मिरास हौसेने जप्त करीत चालला आहे. पूर्वीच्या फडावर प्रत्येक वाद्याचा आवाज त्या त्या वादकाच्या जागेवरून येई. आता सर्व आवाज एकत्र मिसळून एकाच पेटीतून बाहेर पडतात, आणि वेगळेपणाची एक मोठी खूण तेथेच पुसली जाते. बैलगाड्यांच्या घाटावर निवेदक, गाणी, गाडामालकांची नावे आणि वर्गणीदारांची यादी एकाच कर्ण्यातून निघते, म्हणजे चेरी यांचा पहिला, अवघड प्रयोग आपण हजारो माणसांवर दिवसभर चालवितो. एखाद्या एस.टी. स्थानकावर सिमेंटच्या छपराखाली गाडीचे नाव पुकारले जाते, त्याचे प्रतिध्वनी अक्षरांमधील फटी भरून टाकतात, आणि गाडी कोणती हे चालकाला विचारावे लागते. लेण्याद्रीच्या लेण्यातही प्रतिध्वनी आहेच. पण तेथे आरतीचा मूळ आवाज समोरून प्रथम येतो, आणि प्रथम आलेल्या लहरीची दिशा खरी मानून मागाहून येणाऱ्या प्रतिध्वनींकडे दुर्लक्ष करण्याची युक्ती कानाजवळ आहे. चार बाजूंच्या चार कर्ण्यांतून एकच वाक्य वेगवेगळ्या विलंबाने आले तर ती युक्तीही लंगडी पडते.

मग प्रत्येक जण आवाज चढवितो. गोंगाटात मनुष्य नकळत मोठ्याने बोलू लागतो हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी 1911 मध्ये नोंदविले; सर्वच चढले म्हणजे कोणाचाच फायदा होत नाही, केशपेशींचे मात्र भांडवल जाते. कायदा नाही असे नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा मुक्रर केलेली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. परंतु हुकूम दफ्तरात असून भागत नाही. गावाने तो आपला मानावा लागतो.

माझ्या मागण्या माफक आहेत. जत्रेच्या पंचांनी आणि घाटाच्या संयोजकांनी एका वेळी एकच आवाज कर्ण्यातून सोडावा. गाणे चालू असता निवेदन नको, निवेदन चालू असता गाणे नको. मोठा एक कर्णा लावण्यापेक्षा लहान पेट्या श्रोत्यांच्या जवळ, मंद ठेवाव्यात. शाळेच्या वर्गात, जेथे लहान मूल अजून भाषेचे ध्वनीच शिकत असते आणि गोंगाटातून शब्द वेचण्याची त्याची शक्ती प्रौढाइतकी पिकलेली नसते, तेथे छत आणि भिंती प्रतिध्वनी शोषतील अशी काही योजना करावी. घरातील वृद्धाशी बोलताना दूरचित्रवाणी बंद करावी, समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असू द्यावा, आणि एका वेळी एकानेच बोलावे. ग्रामसभेत तर हा शेवटचा नियम केवळ श्रवणशास्त्राचा नाही, लोकशाहीचाही आहे: जेथे सर्व एकदम बोलतात तेथे ज्याचा गळा मोठा त्याचेच म्हणणे ठरावाच्या वहीत उतरते, आणि ज्याचे म्हणणे खरे, पण आवाज बारीक, तो घरी जातो.

निवडण्याचे काम कान जन्मभर बिनपगारी आणि बिनतक्रार करीत असतो. त्याला निवडीपुरती जागा शिल्लक ठेवणे एवढेच समाजाकडे लागते. आणि त्यासाठी नवा शोध, नवे अनुदान वा नवा कायदा यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही, ध्वनिक्षेपकाची खुंटी डावीकडे फिरविली की पुरते.